मेणबत्ती विझली, पाणी चढलं, पण कशामुळे?

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की घरोघरच्या ओट्यावर तोच प्रयोग मांडला जातो. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं आणि मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं : ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. म्हणजे हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो.’ मोठी माणसं कौतुक करतात. मला दरवेळी वाईट वाटतं, कारण प्रयोग सुंदर आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

पाणी केव्हा चढतं ते बघा ना! ऑक्सिजन खर्च होतो तो ज्योत जळत असताना. तेव्हा तर पाणी जवळजवळ हलत नाही. ज्योत विझता विझता ते झपकन वर येतं. आणि ग्लास टेकवताना कडेखालून दोन-चार बुडबुडे निसटतात, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. खरं उत्तर तिथे आहे. ज्योतीने तापून फुगलेली हवा बाहेर पडते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

जळलेला ऑक्सिजन जागा रिकामी करून जात नाही. मेणाच्या ज्वलनात त्याचे तीन रेणू खर्च झाले, तर कार्बन डायऑक्साइडचे साधारण दोन रेणू तयार होतात; शिवाय वाफ. आणि तो संपतही नाही : हवेतलं प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास आलं की ज्योत मिटते.

पटत नसेल तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच. पाणी मात्र जास्त चढेल. किंवा मेणबत्ती लावूच नका. ग्लास गरम पाण्याने विसळून लगेच गार पाण्याच्या ताटलीत उपडा घाला. पाणी तरीही थोडं चढतं.

बायझॅन्टियमच्या फिलोने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या प्रयोगाची नोंद केली. हवेचे अग्निकण होऊन ते भांड्याच्या छिद्रांतून निघून जातात, असं त्याला वाटे. त्याच्या काळी ऑक्सिजन ठाऊकच नव्हता. आपल्याला आहे, मग आपण तरी नीट सांगूया.

एकपंचमांश दाखवायचाच असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून स्टील वूल आणा. स्टेनलेस घासणी नको, ती गंजत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून, धुऊन, उंच ग्लासच्या तळाशी घट्ट बसवा, ग्लास पाण्यात उपडा ठेवा आणि एक-दोन दिवस थांबा. लोखंड गंजताना ऑक्सिजन खरोखर अडकून पडतो, बदल्यात वायू येत नाही. पाणी सुमारे एकपंचमांश उंचीवर येऊन थांबतं.

बाकीचे समज थोडक्यात. लिंबाच्या बॅटरीत ऊर्जा लिंबातून येत नाही, जस्ताच्या झिजण्यातून येते. सोडा-व्हिनेगरचा ‘ज्वालामुखी’ ही आम्ल-अल्कलीची अभिक्रिया आहे. खऱ्या ज्वालामुखीत असं काही घडत नाही. मेंटॉस टाकल्यावर कोला उसळतो तो त्या गोळीच्या खडबडीत पृष्ठभागावर भराभर बुडबुडे धरतात म्हणून.

‘घरातलीच वस्तू, काय होणार?’ हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. ही दोन्ही कधीही, कुठल्याही प्रयोगात मिसळू नका.