वाऱ्याचा लगाम आणि यानाचा ताप

२ एप्रिल २०२२ च्या रात्रीं महाराष्ट्राच्या आकाशांत अग्नीच्या रेघा उमटल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं धातूचें एक मोठें कडें येऊन पडलें. तें चिनी अग्निबाणाचा अवशेष असावें, असा निष्कर्ष अभ्यासकांनीं काढला. वणीच्या सप्तशृंगगडावर जो वारा अंगाला गारवा देतो, तोच उंच आकाशांत धातूला कसा वितळवितो?

उत्तर वेगांत आहे. पृथ्वीभोंवतीं जवळून फिरणारी वस्तु सेकंदाला सुमारें पावणेआठ किलोमीटर धांवते. ती दाट हवेंत शिरली म्हणजे समोरची हवा बाजूला सरण्यापूर्वींच दाबली जाऊन भयंकर तापते. अतिविरळ हवेंत रेणू थेट येऊन आदळतात. तेथें उष्णतेचा मारा घनतेच्या प्रमाणांत वाढतो, परंतु वेग दुप्पट झाल्यास तो आठपट होतो.

या वैऱ्यासच शास्त्रज्ञांनीं सेवक केलें. मंगळाजवळ पोहोंचलेल्या यानाची कक्षा फारसें इंधन न जाळतां लहान करावयाची, तर तें प्रत्येक फेरींत तेथील विरळ वातावरणांत किंचित् बुडी मारतें. अमेरिकेच्या ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’नें २००६ सालीं मार्च ते ऑगस्ट या काळांत अशा चारशेंहून अधिक बुड्या मारल्या; सुमारें ३५ तासांची फेरी २ तासांवर आली.

परंतु बुडी किती खोल मारावी? निखाऱ्यावर पापड क्षणांत करपतो, जाड भाकरीला वेळ लागतो. यानाचीं सौरपत्रें पापडासारखीं रुंद व पातळ. तींच प्रथम तापतात. म्हणून गणितज्ञ संगणकांत यानाचे अनेक लहान तुकडे कल्पितात. प्रत्येक तुकड्यांत उष्णता किती आली, शेजाऱ्याकडे किती गेली, अवकाशांत किती विखुरली, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च मांडतात. मंगळावर धुळीचें वादळ उठल्यास वरची हवा दाट होते. तेवढी शिल्लकही हाताशीं ठेवावी लागते.

‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’चें एक सौरपत्र १९९६ च्या उड्डाणानंतर लगेच दुखावलें होतें. १९९७ सालीं बुड्या चालू असतां तें अधिक वांकलें. काम थांबवून पुढें हलक्या बुड्या माराव्या लागल्या, आणि नकाशे काढण्याचें मुख्य कार्य वर्षभर लांबून मार्च १९९९ मध्यें सुरू झालें. पत्र मात्र वांचलें.

आकाशांतून पडणाऱ्या अवशेषाचा कोणता भाग जळेल आणि कोणता जमिनीवर उतरेल, हें सांगणारें गणितही याच जातीचें आहे. तें जितकें अचूक, तितकें लाडबोरीसारख्या गांवांचें छप्पर निर्धास्त.