चालता चालता गाडी का बंद पडते?

ईदला गावी जायचं असो, नात्यातल्या कुणाच्या निकाहाला जायचं असो, की अम्मीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं असो, आता बऱ्याच घरांत एखादी चारचाकी असते आणि सगळ्यांची भिस्त तिच्यावर असते. ती सकाळी चालूच झाली नाही, तर त्रास होतो, पण तो घराच्या दारात. धावत्या गाडीचं इंजिन अचानक थांबलं, तर मात्र गाठ जिवाशी असते. मागून ट्रक येत असतो आणि गाडीत मुलंबाळं असतात.

त्यातून सुखरूप घरी आलो की गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. आधी प्लग बदलले जातात, मग फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. पैसे जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्यात थांबते. प्रत्येक वेळी मेकॅनिक लबाड असतो असं मुळीच नाही. त्याची अडचण समजून घ्यायला हवी. गाडी त्याच्याकडे पोहोचते, तेव्हा ती चांगली चालत असते. बिघाड झाला त्या क्षणी गाडीत आपण होतो, तो नव्हता. म्हणून गाडी नेमकी कशी बंद पडली, हे पाहून ठेवणं आणि सांगणं आपलं काम आहे. ते नीट झालं, तर निम्मं निदान तिथंच होतं.

आधी जीव, मग इंजिन

इंजिन थांबलं म्हणजे ब्रेक गेले असं नसतं. ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये साधारण दोन-तीन वेळा दाबण्याइतका जोर शिल्लक असतो. तो वाया घालवू नये. पायानं पंप न करता ब्रेक एकदाच, सावकाश पण घट्ट दाबावा. स्टिअरिंग जड होईल, तरी जोर लावल्यावर वळतं. चावी काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. चारही इंडिकेटर लावून गाडी डाव्या कडेला घ्यावी.

सपाट रस्त्यावर गाडी वेगात असेल, तर न्यूट्रल करून एकदा सेल्फ मारून पाहता येतो. कशेडी किंवा परशुरामसारख्या घाटाच्या उतारावर मात्र न्यूट्रल करू नये. हाताच्या गिअरची गाडी गिअरमध्येच ठेवून क्लच सोडला, की चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि गाडीला आवर बसतो. गाडी थांबली की हँडब्रेक ओढावा आणि उताराच्या बाजूनं चाकाला दगड लावावा. सगळ्यांनी डाव्या दारानं उतरून रस्त्यापासून दूर उभं राहावं. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.

बंद पडण्याच्या तऱ्हा

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. त्या कधी आणि किती द्यायच्या, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो, आणि त्याला खबर सेन्सर देतात. यातलं काय तुटलं, हे गाडी थांबण्याच्या तऱ्हेवरून बरंचसं कळतं.

दिव्याचं बटण बंद करावं तसं इंजिन थांबलं आणि डॅशबोर्डही काळा झाला, तर विजेकडे पाहावं. बॅटरीचं टर्मिनल सैल असणं, त्यावर पांढरा-हिरवा थर चढलेला असणं, अर्थिंगची वायर सुटणं किंवा चावीचा स्विच खराब होणं ही नेहमीची कारणं. बंद पडण्याआधी बॅटरीचा लाल दिवा लागला होता आणि हेडलाइट मंद होत गेले होते, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नसावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

गाडी आधी झटके मारू लागली, चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअप गेला आणि मग बंद पडली, तर इंधन पुरत नसावं. चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पंप हे संशयित. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणं शेवटी महागात पडतं. डिझेल गाडीत फिल्टरमध्ये साचलेलं पाणी किंवा पाइपमधून शिरलेली हवाही असाच त्रास देते.

रस्त्यावर गाडी छान चालते, पण सिग्नलला पाय काढला की बंद होते? मग थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन किंवा फुटलेला व्हॅक्यूम पाइप पाहावा. साफसफाईवर काम भागण्याचा संभव असतो.

तीन प्रसंगी पुन्हा सेल्फ मारूच नये. तापमानाचा काटा लालवर गेला असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तेव्हा. (गरम रेडिएटरचं झाकणही उघडू नये.) साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल, तेव्हा, इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरल्यासारखा येत असेल, तेव्हा; टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो.

गरम झाली की बंद, गार झाली की चालू

सगळ्यांत जास्त चकवणारी तऱ्हा ही. तासभर गाडी उत्तम चालते, मग एकदम थांबते. दिवे लागलेले असतात, सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. अर्ध्या तासानं मात्र काहीच झालं नाही अशी चालू होते. इथं बऱ्याचदा क्रँकशाफ्ट सेन्सर निघतो. इंजिन फिरतंय याची खबर तो देतो. तापल्यावर त्याच्या आतलं कनेक्शन तुटतं आणि खबर थांबली की संगणक पेट्रोल व ठिणगी दोन्ही बंद करतो. इग्निशन कॉइल, रिले आणि पंपसुद्धा असेच वागू शकतात.

त्यामुळे गाडी सुरक्षित जागी उभी असेल, तर ती गार होण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते का? येत नसेल, तर पंप किंवा त्याचा रिले. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा थोडातरी हलतो का? अजिबात हलत नसेल, तर सेन्सरवर संशय घ्यावा. गार झालेल्या गाडीत यातलं काहीच सापडत नाही.

सीएनजी गाडीवाल्यांच्या हाती आणखी एक कसोटी आहे. गॅसवर बंद पडणारी गाडी पेट्रोलवर नीट चालली, तर दोष गॅसच्या फिल्टरमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये असण्याची शक्यता जास्त. दोन्हींवर बंद पडली, तर ठिणगी, सेन्सर किंवा वायरिंग पाहावं.

वहीत काय लिहावं?

चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. म्हणून शेजारी बसलेल्या बायकोनं, बहिणीनं किंवा मुलानं हे लिहून ठेवलं तर फार मदत होते: किती वेळ गाडी चालली होती, वेग किती होता, चढ होता की सपाट रस्ता, एकदम थांबली की झटके देत, कोणते दिवे लागले, टाकीत इंधन किती होतं, एसी चालू होता का, आणि पुन्हा किती मिनिटांनी चालू झाली. अलीकडेच सर्व्हिसिंग झालं होतं का किंवा नवा स्टिरिओ बसवला होता का, हेही लिहावं. वायर तिथंच ओढली गेलेली असू शकते.

गॅरेजमध्ये ही वही दाखवून स्कॅनर लावायला सांगावं. मात्र स्कॅनरचा कोड दोष कुठल्या भागात आहे ते सांगतो, कोणता पार्ट बदला ते सांगत नाही. क्रँक सेन्सरचा कोड आला तरी सेन्सर चांगला आणि त्याची वायर घासलेली असू शकते. म्हणून पार्ट बदलण्याआधी मोजणी करायला सांगावी. पंपाचा प्रेशर किती, व्होल्टेज किती, वायर हलवल्यावर इंजिन थांबतं का? हे विचारण्यात मेकॅनिकचा अपमान नाही. चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं. बदललेला जुना पार्ट परत मागावा.

आणि शेवटचं. गाडी पुन्हा चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली, असं समजू नये. कारण सापडेपर्यंत आणि मग चार-आठ दिवस जवळपास चालवून पाहेपर्यंत, तिच्यात मुलांना आणि म्हाताऱ्यांना बसवून घाट उतरू नये. तोवर एसटीनं किंवा रेल्वेनं जावं.