जहाजे थांबण्याच्या जागा: चार शब्द आणि त्यांचे अर्थ

दोन शब्द खरोखर समानार्थी आहेत का, हे पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्या शब्दांना जोडून कोणते प्रत्यय आणि कोणती शब्दयोगी अव्यये येतात, ते पाहावे. 'बंदर', 'गोदी', 'धक्का' आणि 'जेटी' हे शब्द या कसोटीवर घासून पाहू.

जहाज 'बंदरात' शिरते, 'गोदीत' दुरुस्तीला जाते; माल मात्र 'धक्क्यावर' उतरतो आणि उतारू 'जेटीवर' उभे राहतात. पहिल्या दोन शब्दांना सप्तमीचा 'त' प्रत्यय लागतो, नंतरच्या दोहोंना 'वर' हे अव्यय. हा भेद वस्तुस्थितीतून आलेला आहे. बंदर म्हणजे जहाजांना आसरा देणारे पाणी. गोदी म्हणजे बांधून काढलेले, दरवाजांनी अडवलेले पाणी. ते उपसून टाकले की ती सुकी गोदी होते. धक्का हा किनाऱ्याचा बांधीव काठ, तर जेटी म्हणजे किनाऱ्यापासून पाण्यात पुढे नेलेले बांधकाम.

आता 'बंदर' या शब्दाकडे पुन्हा पाहा. हा शब्द फारसीतून आला. इराणमधील 'बंदर अब्बास' या नावात तो आजही आढळतो. मुंबईत त्याचा अर्थसंकोच झाला. पालवा बंदर, कर्नाक बंदर ही एकाच मोठ्या बंदराच्या काठावरील स्वतंत्र ठिकाणे. म्हणून जहाज मुंबई 'बंदरात' येते, पण माणसे पालवा 'बंदरावर' फिरायला जातात. शब्द तोच राहिला. बदललेला अर्थ 'वर' या अव्ययाने उघड केला.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला, तो व्हिक्टोरिया गोदीत. अनुवादक 'धक्क्यावर स्फोट' असे लिहील, तर स्फोटके आणि कापूस भरलेले ते जहाज बांधीव गोदीत, इतर जहाजांच्या शेजारी उभे होते, हे वाचकाला कळणार नाही. नेमका शब्द निसटला की घटनेचे स्वरूपही निसटते.

स्वाध्याय: 'घाट', 'पाणवठा' आणि 'खाडी' या शब्दांना 'त' आणि 'वर' यांपैकी काय लागते? दोन्ही लागत असल्यास अर्थात कोणता फरक पडतो, ते स्वतःच्या वाक्यांतून स्पष्ट करा.