‘कलाचे बळ’ : एका निर्देशकाचा अर्थ आणि त्याची आज्ञावली

एखादी पारिभाषिक संज्ञा रूढ झाली म्हणजे तिचा अर्थही निश्चित झाला, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. हे गृहीत किती सावधपणे स्वीकारावे, हे पाहण्यास शेअरबाजाराच्या परिभाषेतील ‘अ‍ॅव्हरेज डायरेक्शनल इंडेक्स’, संक्षेपाने एडीएक्स, हे उदाहरण उपयुक्त आहे. जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन अभियंत्याने हा निर्देशक १९७८ मध्ये ‘न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स’ या ग्रंथात मांडला. भावांचा कल किती बळकट आहे, हे एका आकड्याने सांगणे हा त्याचा हेतू होय. आज हा आकडा संगणकाची आज्ञावली क्षणार्धात काढून देते. त्यामुळे तो कसा सिद्ध होतो, इकडे सहसा लक्ष जात नाही.

त्याची रीत अशी. आजचा उच्चांक कालच्या उच्चांकाहून किती वर गेला आणि आजचा नीचांक कालच्या नीचांकाहून किती खाली आला, हे प्रथम पाहावयाचे. या दोहोंपैकी जी वाढ मोठी व धन असेल तीच धरावयाची. दुसरी शून्य मानावयाची. दोन्ही समान असल्यास, अथवा एकही धन नसल्यास, दोन्ही शून्य. त्याबरोबरच त्या दिवसाचा ‘खरा पल्ला’ काढतात. आजचा उच्चांक व नीचांक यांतील अंतर, कालच्या बंद भावापासून आजच्या उच्चांकाचे अंतर आणि त्याच भावापासून आजच्या नीचांकाचे अंतर, या तिहींतील सर्वांत मोठे ते खरा पल्ला. या तिन्ही मालिका साधारणतः १४ दिवसांच्या मानाने सौम्य केल्या, आणि ऊर्ध्व व अधोगतीस पल्ल्याने भागून शंभराने गुणले, की दोन दिशादर्शक अंक मिळतात. त्यांच्या फरकास त्यांच्या बेरजेने भागून पुन्हा शंभराने गुणावयाचे. या फळाची सौम्य सरासरी म्हणजेच एडीएक्स.

समजा, ऊर्ध्व अंक ३० आणि अधोअंक १० आहे. फरक २०, बेरीज ४०. म्हणून फळ ५०. आता अंकांची अदलाबदल करा : ऊर्ध्व १०, अधो ३०. फळ पुन्हा ५०च. फरक घेताना त्याचे चिन्ह टाकून दिल्यामुळे दिशा गळून पडते व केवळ परिमाण उरते. वाऱ्याचा जोर सांगितल्याने वारा पूर्वेचा की पश्चिमेचा हे जसे कळत नाही, तसेच हे. तथापि संज्ञेतच ‘डायरेक्शनल’ हे विशेषण असल्याने वाचकाचे मन दिशेकडे वळते आणि चढता एडीएक्स म्हणजे चढता भाव, असा समज होतो. वस्तुतः भाव वेगाने कोसळत असतानाही हा अंक चढत राहतो. २५ च्या वरचा अंक बळकट कलाचा आणि २० च्या खालचा दुर्बळ कलाचा, हा प्रचलित संकेतही दिशेविषयी काही सांगत नाही.

दुसरी अडचण ‘सरासरी’ या शब्दात आहे. वाइल्डरच्या रीतीत नव्या दिवसास १/१४ आणि आधीच्या सरासरीस १३/१४ इतके वजन मिळते. प्रचलित घातीय सरासरीत मात्र १४ दिवसांच्या मानाने नव्या दिवसाचे वजन २/१५ येते. म्हणजे वाइल्डरची १४ दिवसांची सरासरी ही घातीय पद्धतीच्या २७ दिवसांच्या सरासरीइतकी मंद आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने ‘सरासरी’ हा एकच शब्द वाचून दुसरे सूत्र योजले, तर नाव तेच राहते आणि अंक बदलतो. शिवाय आरंभीच्या मूल्याचा प्रभाव लगेच नाहीसा होत नाही : १४ दिवसांनी तो सुमारे ३५ टक्के, ५० दिवसांनी सुमारे अडीच टक्के उरतो. म्हणून दोन आज्ञावल्यांनी इतिहास वेगवेगळ्या दिवसापासून वाचला, तर सूत्र एक असूनही आरंभीचे अंक जुळत नाहीत. टीए-लिब या सुप्रसिद्ध संग्रहात अशा आरंभीच्या कालखंडास ‘अस्थिर’ हेच नाव दिले आहे, ते सार्थ होय.

आज्ञावली पारखण्याची एक सोपी कसोटी येथे सुचवावीशी वाटते. सर्व भाव एका मोठ्या स्थिर संख्येतून वजा करावेत, आणि असे करताना उच्चांकाच्या जागी नीचांक व नीचांकाच्या जागी उच्चांक ठेवावा. भावरेषा उलटी होईल, दोन्ही दिशादर्शक अंक जागा बदलतील. एडीएक्स मात्र तसाच राहिला पाहिजे. न राहिल्यास आज्ञावलीत दोष आहे. परंतु ही कसोटी सरासरीच्या सूत्रातील फरक दाखविणार नाही. त्यासाठी थोड्या दिवसांचा हिशेब हाताने करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

हा केवळ शब्दांचा खल नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. त्याचे खापर कोणा एका निर्देशकावर फोडता येणार नाही. परंतु जेथे आकड्याच्या भरवशावर लोक पदरचा पैसा लावतात, तेथे तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे स्पष्ट करणे आज्ञावली रचणाऱ्याचे कर्तव्य ठरते. आपण अंकाशेजारी सरासरीचे सूत्र, दिवसांचे मान आणि आरंभाचा दिवस या तीन गोष्टी नोंदविल्या, तरच त्या संज्ञेचा अर्थ वाचकाला पुरता कळेल.