एचडी : डब्याची किंमत आणि दरमहाचा बोजा

कोल्हापुरात केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. आता घरोघरी एचडीची मागणी आहे. आम्ही व्यापारी व कारागीर बंधूंना सांगू इच्छितो की, एचडी डब्याचा खर्च एकदाच, बोजा दरमहाचा. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या 'ट्राय'च्या नियमात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरली गेली. २०२४ मध्ये जोडणी शुल्कावरील कमाल मर्यादाही उठली. म्हणून आधी दर विचारा. समजा, महिन्याला १०० रुपये वाढले. १८ टक्के जीएसटीसह ११८, वर्षाला १,४१६. टीव्हीच एचडी नसेल तर हे पैसे वाया. पाहिल्या जातात तेवढ्याच वाहिन्या घ्या, पावती मागा. मात्र टीव्हीसाठी व्याजाचा हप्ता लावून कमाईतील बरकत घालवू नये.