कोबीवर्गीय भाज्यांतील ‘डीआयएम’ची गोळी : गुण व धोके

कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, मुळा आणि मोहरी ही एकाच कुळातील पिके होत. या भाज्यांपासून शरीरात तयार होणारे एक द्रव्य ‘डीआयएम’ या नावाने गोळ्यांच्या रूपात विकले जाते. संप्रेरकांचा तोल राखते, कर्करोग टाळते, असे दावे त्याबरोबर केले जातात. आपण पिकवतो त्याच भाजीचे नाव घेऊन ही विक्री होत असल्याने त्यात तथ्य किती, हे आपणास ठाऊक असणे जरूर आहे.

मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका सर्वांच्या परिचयाचा आहे. कोरड्या दाण्याला हा वास नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले की त्यातील ग्लुकोसिनोलेट या द्रव्यावर मायरोसिनेज नावाच्या विकराची क्रिया होते आणि तिखट द्रव्य तयार होते. झाडाची ही किडींविरुद्धची तजवीज आहे. गंमत अशी की चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची मादी याच वासाच्या मागाने येऊन अंडी घालते. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून घेण्याची शिफारस याच कारणाने आहे.

कोबी चिरला किंवा चावला की त्यातील एका ग्लुकोसिनोलेटपासून इंडोल-३-कार्बिनॉल तयार होते. जठरातील आम्लात त्याचे दोन रेणू जोडले जाऊन डायइंडोलिलमिथेन, म्हणजेच डीआयएम, बनते. वाटीभर भाजीतून ते फार तर काही मिलिग्रॅम मिळते. गोळीत मात्र ते बहुधा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. एवढी मात्रा अन्नाची राहत नाही, ती औषधाची होते. औषध म्हटले की त्याचे इतर औषधांशी जमते की नाही, हे पाहावेच लागते.

आता चाचण्यांकडे वळू. ब्रिटनमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशींत सौम्य दोष आढळलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम डीआयएम सहा महिने देण्यात आले. त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. बिनऔषधी गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत पेशींच्या तपासणीत फरक आढळला नाही.

अधिक महत्त्वाची चाचणी अमेरिकेतील असून ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगासाठी किंवा तो टाळण्यासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १३० स्त्रियांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी निम्म्या गटाला वर्षभर दिवसातून दोन वेळा १५० मिलिग्रॅम डीआयएम देण्यात आले. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात एंडॉक्सिफेन बनते व तेच मुख्यत्वे काम करते. डीआयएम घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात या एंडॉक्सिफेनचे प्रमाण घटले. प्रत्यक्ष उपचारावर त्याचा किती परिणाम होतो, हे त्या चाचणीत ठरले नाही. तरीही माझे मत स्पष्ट आहे. घरातील कोणी भगिनी टॅमॉक्सिफेन घेत असेल, तर कर्करोग टाळणारी म्हणून आणलेली ही गोळी तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. गोळी सुरू असल्यास ती डॉक्टरांना दाखवावी, टॅमॉक्सिफेन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

भुईमुगावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष आपणास माहीत आहे. अमेरिकेत ट्राउट माशांवर केलेल्या प्रयोगांत इंडोल-३-कार्बिनॉल हे या विषाच्या आधी व बरोबर दिल्यास यकृताच्या गाठी कमी झाल्या, पण विषबाधेनंतर दीर्घकाळ दिल्यास त्या वाढल्या. मासा म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. परंतु एकच द्रव्य वेळेनुसार उलटे वागू शकते, हे त्यातून दिसते.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसेच संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे पूरक टाळावे. डीआयएममुळे लघवीचा रंग गडद होऊ शकतो, त्याने घाबरू नये. डोके दुखणे, मळमळ किंवा दृष्टी अंधूक होणे, असे काही आढळल्यास गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात अशा पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. त्याच वेष्टनाच्या जोरावर रोग बरा करण्याची भाषा करणाऱ्या विक्रेत्याला ती ओळ वाचून दाखवावी.

भाजीच्या बाबतीत एवढी धास्ती नको. चिरलेला कोबी थोडा वेळ तसाच ठेवून मग हलकी वाफ द्यावी. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिल्यास ही द्रव्ये पाण्याबरोबर जातात. फार शिजवल्यास विकर निकामी होते, पण वरून कच्ची फेसलेली मोहरी घातल्यास ते परत मिळते. आपल्याकडील मोहरी फेसून केलेली कोशिंबीर या दृष्टीने उत्तम आहे. फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा मात्र यासाठी उपयोग नाही.

गलगंडाची शंका अनेकजण विचारतात. नुसत्या कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाल्याचे १९२८ साली अमेरिकेत नोंदले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतील वृद्धा रोज एक ते दीड किलो कच्ची चिनी कोबी कित्येक महिने खात होती व थायरॉइड मंदावून ती बेशुद्धावस्थेला पोचली. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्याने रोजच्या जेवणात शिजवलेली भाजी खाण्यास हरकत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ब्रोकोली, कोबी यांचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते.

शेवटी मोडांविषयी. ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या कोंबांत सल्फोराफेन देणारे द्रव्य तयार गड्ड्याच्या कित्येक पट असते, असे १९९७ साली आढळल्यापासून कोंबांची मागणी वाढली आहे. परंतु मोडांच्या ओलसर उबेत जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतूने पन्नासहून अधिक माणसे दगावली. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना मोड शिजवूनच द्यावेत. पेरणीसाठी आणलेले रंगीत बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते. कितीही धुतले तरी ते खाण्यायोग्य होत नाही. असे उरलेले बियाणे मोड आणण्यासाठी वापरू नये, आणि त्याची पिशवी स्वयंपाकघरात ठेवूच नये.