राजवायू एकटे का राहतात?

हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन यांना पाठ्यपुस्तकांत ‘राजवायू’ म्हटले जाते. त्यांचे अष्टक पूर्ण असते म्हणून ते कोणाशी संयोग पावत नाहीत, हे उत्तर आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक पिढीने पाठ केले आहे. त्याला परीक्षेत गुणही मिळतात. परंतु आठ या संख्येत अशी कोणती जादू आहे आणि हेलियमजवळ तर दोनच इलेक्ट्रॉन असतात, असे विचारणारा विद्यार्थी आम्हांस अधिक प्रिय आहे.

अणूंना अष्टकाची ओढ नसते. दोन अणू एकत्र आल्याने एकूण ऊर्जा कमी होत असेल, तरच बंध टिकतो. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढण्यास 5.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. निऑनचा काढण्यास 21.6 आणि हेलियमचा काढण्यास 24.6 लागते. सर्व मूलद्रव्यांत हेलियमचा आकडा सर्वांत मोठा. इलेक्ट्रॉन देणे असे महाग, आणि घ्यावा तर कवचात जागा नाही. नव्या इलेक्ट्रॉनला पुढच्या, दूरच्या कवचात राहावे लागते आणि तेथे केंद्रकाची पकड त्याला धरून ठेवण्यास पुरत नाही.

मग भागीदारी का नाही? हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की त्यांचे दोन्ही इलेक्ट्रॉन अणूंना जोडणाऱ्या कक्षकात बसतात. हेलियमच्या दोन अणूंचे मिळून इलेक्ट्रॉन चार. जोडणाऱ्या कक्षकात दोनच मावतात. उरलेले दोन अणूंना दूर लोटणाऱ्या कक्षकात जातात आणि झालेला लाभ पुसून टाकतात. राहते ते केवळ अतिक्षीण आकर्षण. म्हणून हेलियम उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावाचून द्रवरूप होत नाही.

हे वायू एकेकट्या अणूंचे आहेत, हे कळले कसे? इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस हा भाग विशेष मोलाचा वाटतो. हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो, हे रॅले यांनी मोजले. त्या अल्पशा फरकाच्या पाठपुराव्यातून रॅले व रॅम्से यांना 1894 मध्ये अरगॉन सापडला. हा वायू कशाशीच संयोग पावेना. तेव्हा रेणूत अणू किती, हे नेहमीच्या रासायनिक रीतीने ठरवता येईना. त्यांनी त्यातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग मोजला. त्यावरून विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर सुमारे 1.67 आले. दोन अणूंच्या रेणूत काही उष्णता फिरण्यात खर्च होते, त्यामुळे तेथे ते 1.40 च्या आसपास असते. अरगॉनमध्ये सारी उष्णता सरळ धावण्यातच जात होती. अर्थात अणू सुटा होता.

युरोपीय रसायनज्ञांनी या वायूंना ‘कुलीन’ म्हटले, कारण ते सामान्य मूलद्रव्यांत मिसळत नाहीत. वर्तनासाठी कुलाचा हा दाखला आम्हांस कधीच रुचला नाही. 1962 मध्ये कॅनडात नील बार्टलेट यांना आढळले की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन ओढून घेते. त्यासाठी 12.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि झेनॉनचा आकडाही जवळजवळ तेवढाच, कारण त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून पुष्कळ दूर असतात. बार्टलेट यांनी दोन्ही वायू एकत्र आणले आणि नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी झेनॉनची फ्लोराइडेही बनली. निऑनचे स्थिर, उदासीन संयुग मात्र अद्याप कोणी बनवलेले नाही.